ओवाळणीचे गवत

सोलापूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो तेव्हा तापमानाची ओळ लावणे माझ्याकडे असे. कमाल इतके, किमान इतके. पहिल्या पानाच्या तळाशी ती जाई आणि चैत्र लागला की वाचक आधी तीच वाचत. ते आकडे सावलीतले असतात. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर टांगलेल्या नळीतले. त्याच वेळी उघड्या खडकावर किती असते आणि ओल्या गवताच्या बुडाशी किती, हे त्या ओळीत नसते. माझ्या आत्याचे घर या दोन जागांमधल्या फरकावर मोडले.

आमचे गाव अणदूरच्या बाजूला, हैदराबादच्या सडकेपासून आत. निम्मे शिवार काळे, निम्मे माळ. माळावर मुरूम, खडक, बोराटी आणि बाभळी. निजामाचे राज्य गेले, जिल्हा आधी हैदराबादेत राहिला, मग मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. या सगळ्या काळात उन्हाळ्यात गावात हिरवे असे काही दिसत नव्हते. विहिरींचे पाणी फाल्गुनात खाली जाई, मोटा थांबत. वडिलांनी आमची विहीर सुरुंग लावून खोल केली आणि तिच्यावर तेलाचे इंजिन बसवले तेव्हा ते बदलले. ते गावातले पहिले इंजिन. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला होता. विहिरीपासून खालच्या मळ्यापर्यंत नवा पाट काढला, आणि पाटाच्या दोन्ही कडांना हराळी आणि लव्हाळा असा दाटला की पाऊल टाकले की पाणी वर येई.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे सासर माकणीकडे होते. नवरा साप चावून गेला, मूलबाळ नव्हते, दिरांनी बैलगाडीत बसवून तिला आणून सोडले. काही वर्षे ती आमच्या घरात राहिली. आई आणि ती कधी भांडल्या नाहीत. पण एक दिवस ती वडिलांना म्हणाली, “दादा, ताटात काय वाढलं ते बघायची सवय लागलीय मला. वाईट सवय हाय. मला माझी चूल मांडून द्या.”

वडिलांनी गावकुसाजवळच्या आमच्या जागेत तिला एक खोली बांधून दिली. मागे शेळ्यांसाठी काट्यांचे वाडगे. शेळ्या नळदुर्गच्या एका व्यापाऱ्याने अर्धलीने दिल्या. अर्धली म्हणजे शेळ्या त्याच्या, सांभाळायच्या आत्याने, आणि होणारी करडे निम्मी-निम्मी. काळ्या, लांब कानांच्या, आमच्या भागात असतात त्या जातीच्या पाच शेळ्या. बहुतेक वेळा जुळी होत. बोकड व्यापारी घेऊन जाई, माद्या आत्या मागून घेई. ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे, त्या वर्षी तिच्या वाट्याच्या पाच माद्या तयार झाल्या होत्या आणि पहिल्यांदाच गाभण होत्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्या व्याल्या की व्यापाऱ्याच्या शेळ्या परत करायच्या आणि आपल्या ठेवायच्या, असे तिचे ठरले होते. गावात तिला सगळे आक्का म्हणत. अर्धलीची आक्का न राहता स्वतःच्या शेळ्यांची आक्का व्हायला तिला एवढाच एक उन्हाळा काढायचा होता.

गावातल्या शेळ्यांचा उन्हाळा ठरलेला होता. एक म्हातारा राखोळी सकाळी घरोघरच्या शेळ्या गोळा करी आणि माळावर नेई. तिथे गवत नसे. शेळ्या बाभळीच्या शेंगा, बोराटीचा पाला, वाळकी काटकी खात, दुपारी एकदा डोहावर पाणी पीत आणि संध्याकाळी हाडे दाखवत परत येत. माळावर पडलेल्या लेंड्या दिवस मावळायच्या आत खड्यासारख्या वाजत. उन्हाळा हा शेळीच्या उपासमारीचा काळ आणि पावसाळा हा तिच्या खाण्याचा, असे सगळे मानत. पावसाळ्यात दर घरी एखाददुसरी शेळी मरे. ती ओलाव्याने मेली म्हणत आणि विषय संपे.

इंजिन बसले त्याच वर्षीच्या भाऊबीजेला मी घरी होतो. आत्याने वडिलांना ओवाळले. वडिलांनी लुगडे आणून ठेवले होते. तिने ते हातात घेतले नाही.

“लुगडं नको, दादा. पाटाच्या दोन्ही कडंचं गवत द्या.”

“गवत?” वडील हसले. “ओवाळणीत गवत मागतंय व्हय कुणी? लोक म्हनतील, भावानं भैनीला चरायला सोडली.”

“लोकांना शेळ्या न्हाईत पाळायच्या.”

“घे मग. मी जिता हाय तवर पाट तुझा. आपलं एक वासरू तिकडं सोडणार न्हाय.”

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “बरं मागितलंस. लुगडं फाटलं असतं, गवत काय फाटतंय.” आणि लुगडेही तिच्याच हातावर ठेवले. आत्याने या वेळी ते घेतले.

माघापासून आत्याच्या शेळ्या राखोळ्याकडे जाईनाशा झाल्या. ती त्यांना पाटावर नेई, जांभळाच्या सावलीत लांब दाव्याने बांधी आणि दिवसभर तिथेच बसे. विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बाया म्हणत, “आक्काच्या शेळ्यांना इंजिन लागतं, आमच्यांना पायच हायत.” होळीच्या सुमारास व्यापारी बोकड बघायला आला. पायजमा, डोक्याला मळकट रुमाल, हातात काठी. शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, “आक्का, ह्या शेळ्या हायत का सुना? लई लाड चाललेत.”

“सुना असत्या तर इतकं ऐकल्या नसत्या, भाई.”

“माझ्या परत देशील तवा अशाच दे म्हंजे झालं.”

तोपर्यंत शेळ्या खरोखरच चांगल्या दिसत होत्या. केस चकचकीत, पोटे भरलेली. बाकीच्या गावाच्या शेळ्यांशेजारी त्या दुसऱ्या जातीच्या वाटत.

वैशाखात मी रजा काढून आलो तेव्हा काहीतरी बिघडल्याचे आत्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले. शेळ्या खात होत्या, हगवण नव्हती, तरी अंग उतरत होते. केस उभे राहिले होते. पाटापर्यंत चालत जाताना त्या मध्येच बसत. दोघींच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज आली होती. संध्याकाळी ती वाढे, सकाळी थोडी उतरे. बोट दाबले की खळगा पडे आणि तो हळूहळू भरे. गावाने निदान केले की, गळ्याखाली पाणी उतरले. इंजिनाचे पाणी खोलातले, थंड, ते बाधले. थंडीवर उपाय ऊब. शेजारच्या माणसाने विळा चुलीत लाल केला आणि दोघींच्या सुजेवर डाग दिले. एकाने मागचे पाय धरले, एकाने शिंगे. केस जळाल्याचा वास वाडग्यात दुपारपर्यंत राहिला. डागाच्या जागेतून पाणी झिरपू लागले. सूज जरा कमी दिसली तेव्हा सगळ्यांना बरे वाटले. पुढे एकीच्या जखमेत किडे पडले.

पहिली मेली ती आत्याच्या वाट्यातली, गाभण. सकाळी ती वाडग्यात आडवी होती आणि तिचा एक कान हलत होता. आत्याने पोट चाचपले. पोटातले करडू काही वेळ हलत होते. मग तेही थांबले.

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. त्याने एकेका शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली.

“हिकडं ये, आक्का. बघ. आतून लाल पायजे. हे कागदासारखं हाय.”

“म्हंजे काय, भाई?”

“रगत न्हाय यांच्यात. कुठं सांडलं न्हाय, तरी न्हाय. कोन पितंय ते बघाय लागंल. मी कापणारा मानूस, मला बाहेरून कळत न्हाय.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू पेपरात असतोस. सरकारी डॉक्टर आण जा.”

मी तुळजापूरला गेलो. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते, नुकतेच बदलून आलेले. यात्रेकरूंच्या गर्दीत बस मिळेना म्हणून त्यांनी सायकली काढल्या, एक मला दिली, आणि सडकेवर काही अंतरानंतर मिळालेल्या मालमोटारीत त्या दोन्ही सायकली टाकून आम्ही गावात पोचलो. तोवर दुसरी शेळी मेली होती. ही व्यापाऱ्याची. तो तिच्याजवळ उकिडवा बसून होता. त्याचीच सुरी डॉक्टरांनी मागून घेतली.

पोटाच्या आत काय बघायचे हे त्यांना माहीत होते. शेळीला चार पोटे असतात; त्यांनी पहिली तीन बाजूला सारली आणि चौथे उघडले. आतला रस तपकिरी होता. त्यात पहिल्यांदा काहीच दिसले नाही. मग सगळा तळ हलतो आहे असे दिसले. सुताच्या तुकड्यांसारखे, बोटाच्या पेराएवढे जंत. तांबड्या आणि पांढऱ्या धाग्याचा पीळ दिल्यासारखे. पोटाच्या अस्तरावर जिथून ते सुटले होते तिथे बारीक लाल ठिपके होते. आत्या वाकून बघत होती. तिने पदर नाकाला लावला नाही.

“यांनीच रक्त प्यायलं,” डॉक्टर म्हणाले. “शेळ्या कुठं चरतात, बाई?”

तिने पाट दाखवला. आम्ही तिकडे गेलो. दुपार होती. पाटाच्या पलीकडे मळ्याच्या कडेला उघडा खडक आहे. डॉक्टरांनी आत्याला त्याच्यावर तळहात ठेवायला सांगितले. तिने ठेवला आणि लगेच उचलला. मग त्यांनी तिला जांभळाखालच्या लव्हाळ्यात, अगदी बुडाशी हात घालायला सांगितले. तिथे ती हात ठेवून राहिली.

“काय वाटतं?”

“गार हाय. माठाखालच्या मातीवानी.”

“एकच दुपार आहे. तिथं आणि इथं चार पावलं. शेळीच्या लेंडीतून जंतांची अंडी पडतात. माळावर पडली तर या उन्हात लेंडी भाजून निघते, अंडं आतच वाळतं, जे फुटलं तेही मरतं. थंडीत अंडी थांबून राहतात, लवकर फुटत नाहीत. पण ऊब आहे, ओल आहे आणि ऊन लागत नाही अशी जागा मिळाली की दिवसागणिक फुटतात आणि पिल्लं ओलीबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. शेळी पातं खाते, ती पोटात जातात, मोठी होतात, पुन्हा अंडी. शेळ्या रोज त्याच जागी बांधता, म्हणजे रोज पेरता आणि रोज खाता.”

मी त्यांना खडकाचे तापमान किती असेल असे विचारले. जनावरांचा ताप बघायची नळी खिशातून काढून त्यांनी दाखवली. “ही तिथं ठेवली तर फुटेल. तुमच्या पेपरात येतो त्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त, एवढं लिहा.”

व्यापारी सगळे ऐकत होता. तो म्हणाला, “म्हंजे डॉक्टरसाब, गावाच्या शेळ्या उन्हानं वाचल्या आन् हिच्या सावलीनं मेल्या.”

“असंच.”

डॉक्टरांनी करड्या-हिरव्या रंगाची भुकटी पाण्यात कालवली आणि उरलेल्या शेळ्यांना बाटलीने पाजली. अगदी व्यायला आलेल्या दोघींना द्यायला ते कचरले, आणि विचार करून निम्मीच दिली. लघवीचा रंग लाल होईल, घाबरू नका, असे त्यांनी आत्याला बजावले. “औषधानं पोटातले पडतील. गवतावरचे मी काढू शकत नाही. तिथं पुन्हा चारलंत तर महिन्याभरात पुन्हा हेच.”

यानंतर जे झाले ते डॉक्टरांना कळण्यासारखे नव्हते. निघताना वडील भेटले तेव्हा डॉक्टरांनी चांगल्या मनाने तेच त्यांना सांगितले. पाटाचे गवत शेळ्यांना बंद करा, त्या गवतातच दोष आहे. वडिलांनी हात जोडले, डॉक्टरांना चहा दिला आणि सडकेपर्यंत माणूस पाठवला. संध्याकाळी ते आत्याच्या दारात गेले. आत गेले नाहीत.

“माझी ओवाळणी तुला बाधली म्हनतोय तो डॉक्टर.”

“तो काय बी म्हणंल, दादा. परगावचा हाय.”

“बाधली असंल तर सांग. मी पाट नांगरून टाकतो.”

“न्हाय म्हणलं न्हवं.”

ओवाळणी परत करत नाहीत. बहीण ओवाळते ती भावाच्या आयुष्यासाठी. त्या बदल्यात मिळालेली वस्तू नाकारणे म्हणजे त्या आयुष्याला हात लावणे. हे आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बाबतीत तर ते दुप्पट. एक माणूस हिच्या कपाळाने गेला असे सासरी बोलून झाले होते. मी आत्याला म्हणालो की, शेळ्या माळावर पाठवण्यात ओवाळणी परत करण्यासारखे काही नाही. ती म्हणाली, “गवत तिथं उभं ऱ्हाईल आन् माझ्या शेळ्या माळाला जातील. दादा रोज पाटावरनं जातो. त्याला काय दिसंल?”

दुसऱ्या दिवशी शेळ्यांची लघवी लाल झाली. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, आत्यानेही ऐकले होते. पण सांगितलेला रंग आणि वाडग्याच्या मातीत पडलेला रंग यांत फरक असतो. बाया जमल्या. रक्त मुतताहेत म्हणाल्या. उरलेसुरले रक्त औषधाने काढले, असे ठरले. वडील येऊन बघून गेले आणि एवढेच म्हणाले, “गवतानं न्हवं हे.” त्या दिवशी आत्याने शेळ्या पाटावर नेल्या आणि जांभळाखाली बांधल्या. माझी रजा संपली होती. मी सोलापूरला गेलो.

मृगाच्या आधी मी पुन्हा आलो तेव्हा आणखी दोन गेल्या होत्या. एक व्यायली होती. करडे जिवंत होती, पण सडांत दूध नव्हते आणि ती दोन्ही एकापाठोपाठ गेली. आत्या मात्र पाटावर नव्हती. ती खडकावर होती. विळ्याने ती पाटाचे गवत कापत होती, पेंढ्या बांधून खडकावर आणत होती आणि सोडून पातळ पसरत होती. भर दुपारी, अनवाणी, कारण ओवाळणीच्या गवतावर वहाणा घालून चढायचे नाही. तळव्यांना फोड आले होते. ती त्यांवर एरंडाची पाने बांधत होती.

ही वाट तिची तिलाच सुचली होती. गवत दादाने दिलेले आहे. ते ओले खायचे की वाळवून, हे त्याने सांगितलेले नाही. मी तुळजापूरला जाऊन डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, चालेल, चांगले चालेल, पण कडक उन्हात वाळले पाहिजे आणि शेळ्यांनी पाटाकडे पाऊल टाकता कामा नये. पुन्हा द्यायला त्यांनी भुकटी दिली. आत्याने ती घेऊन फडताळात ठेवली.

“पाजणार न्हाईस?” मी विचारले.

“पाजीन. गवत वाळून खाऊ दे आधी. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशानं बरं झालं ते दादाला कसं सांगू?”

तिला बरे झालेले हवे होते, पण ते गवतानेच बरे झालेले हवे होते.

वडील पाटावरून जात. कापलेल्या कडा त्यांना दिसत. आईजवळ ते समाधानाने म्हणाले, “बघ, पात्याला पातं ठेवलं न्हाय. सगळं वापरती.”

काही दिवस शेळ्या टिकल्या. एकीने तर वाडग्याच्या काट्यावर पुढचे पाय टेकून लिंबाचा डहाळा ओढला. आत्या ते बघायला आईला बोलवून घेऊन आली. मग पाऊस आला. खडक ओला झाला. कापलेले गवत वाळेना, सडू लागले. ढगाखाली दुपार पाटाच्या बुडाइतकीच गार राहू लागली, आणि सगळा माळ हिरवा झाला. म्हणजे उन्हाळ्यात जे फक्त पाटावर होते ते आता सगळीकडे होऊ शकत होते. गावाच्या शेळ्या उन्हाने साफ होऊन पावसाळ्यात शिरल्या होत्या. आत्याच्या शेळ्या जंतांनी भरलेले पोट घेऊन शिरल्या. फडताळातली भुकटी तिने आता पाजली. शेळ्या पार खंगल्या होत्या; तिघींना औषधाचा धक्काही सोसला नाही आणि त्या गेल्या.

राखोळ्याने तिच्या उरलेल्या शेळ्या कळपात घ्यायला नकार दिला. तो वाईट माणूस नव्हता. दारात उभा राहून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “आक्का, तुझ्या शेळ्यांच्या लेंड्या माळावर पडतील. शेळ्या मला विचारत न्हाईत, गाव विचारतंय.” खडकावर हात ठेवायला लावल्याची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, आणि प्रत्येकाने तिच्यातून आपल्याला हवे तेवढे घेतले होते.

आषाढात व्यापारी आला. वाडग्यात तीन शेळ्या होत्या, त्यातल्या दोन त्याच्या आणि एक आत्याची. तिची उभी राहत नव्हती. तो पावसात गोणपाट पांघरून उभा होता. अर्धलीच्या रिवाजाने मेलेल्या शेळीची भरपाई मागत नाहीत, फक्त खूण म्हणून तिचा कान दाखवायचा असतो. आत्याने कान वाळवून दोरीत ओवून ठेवले होते. तिने ते पुढे केले. त्याने घेतले नाहीत.

“ठेव तिकडं. मी बघितलंय.”

“तुमच्या दोन घेऊन जा, भाई. माझ्याजवळ मरतील.”

“नेतो. पुढच्या साली चांगल्या दोन आणून देतो. शिमगा झाला की. माळावर ठेव, पाटाकडं नेऊ नको. आपलं अर्धलीचं तसंच.”

आत्याने मान हलवली. “पाट हाय तवर न्हाय, भाई.”

“पाटाचं काय? पाट तिथंच ऱ्हाईल, शेळ्या हिथं.”

“शेळ्या असल्या की पाटावर न्यायला पायजे. शेळ्या न्हाईत तर न्हाईत. मग कुनी विचारत न्हाय.”

व्यापाऱ्याला बहिणी होत्या की नाही, मला माहीत नाही. दोन शेळ्या त्याने गळ्यात दावी बांधून चालवायचा प्रयत्न केला. त्या चालेनात तेव्हा एक खांद्यावर घेतली आणि दुसरी दुपारी येऊन नेली. आत्याची उरलेली एक त्याच आठवड्यात गेली. वाडग्याचे काटे पुढे सरपणाला लागले.

तिने चूल मोडली नाही. पण त्या चुलीवर शिजवायला स्वतःचे काही राहिले नाही. सकाळी ती आमच्या शेतात भांगलायला जाऊ लागली आणि संध्याकाळी आमच्याच घरी जेवू लागली. आई तिचे ताट आधी वाढे. ती ताटाकडे न बघता जेवे.

भाऊबीज आली. तिने वडिलांना ओवाळले. वडील म्हणाले, “पाट तुझा हाय म्हणलंय तो हायच, वर हे घे,” आणि लुगडे दिले. पुढच्या वर्षीही तेच. चैत्र लागला की ती पाटाचे गवत कापी, खडकावर नेऊन पसरी, संध्याकाळी गोळा करी आणि आमच्या बैलांच्या कडब्याजवळ रचून ठेवी. घरात एकही शेळी नव्हती. बैल ते ओलेही खात होते आणि त्यांना काही होत नव्हते. ते वाळवायची गरज नाही, असे तिला कुणी म्हणाले नाही.

वडील एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा पाटाच्या कडांना गवत कमरेइतके उभे होते. खडक रिकामा होता. नळदुर्गचा व्यापारी म्हातारा झाला होता. त्याच्या मुलाने निरोप पाठवला होता की, दोन शेळ्या आहेत, आक्काला हव्या असतील तर अर्धलीने नाही, तशाच देतो. तो निरोप मी तिला सांगितला. ती आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“आता कशाला,” ती म्हणाली. “आता माळावर कोण जातंय त्यांच्यामागं.”